एआय सहायकाला कोड शोधण्याची आणि बदलण्याची नेमकी साधने कशी जोडावीत

गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील काही अडत्यांची पट्टी करणारी एक संगणकप्रणाली आमची छोटी टीम कोथरूडमधून सांभाळते. शेतकऱ्याच्या मालाची आवक, वजन, भाव, हमाली, तोलाई आणि शेवटी त्याच्या हाती पडणारी रक्कम, एवढेच तिचे काम आहे. पण कोड जुना आहे, अनेक हातांतून गेलेला आहे आणि त्यातील निम्मी नावे रोमन लिपीत लिहिलेली मराठी आहेत. जुलै 2016 मध्ये राज्य सरकारने फळे आणि भाजीपाल्यावरची अडत, म्हणजे अडत्याचे कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा नियम केला. तेव्हा अडतीची वजावट पट्टीतून काढून खरेदीदाराच्या बिलात घातली गेली, मात्र घाईघाईत जुने फंक्शन तसेच ठेवून त्याला फक्त शून्य दर देण्यात आला. ते निरुपयोगी फंक्शन काढून टाकण्याचे काम मी अलीकडे एआय सहायकाला दिले, आणि त्या एका कामात त्याला काय कमी पडते हे मला स्पष्ट दिसले.

सहायकाने प्रथम ‘रेट’ हा शब्द शोधला. हा शब्द ‘जनरेट’मध्ये असतो, ‘इटरेट’मध्ये असतो आणि ‘सेपरेट’मध्येही असतो, त्यामुळे शेकडो ओळी समोर आल्या. त्यांतून वाट काढण्यासाठी त्याने दोन-दोन हजार ओळींच्या फाइली पूर्ण उघडून वाचल्या, आणि खरे काम सुरू होण्याआधीच त्याची संदर्भमर्यादा, म्हणजे एका वेळी ध्यानात ठेवता येणाऱ्या मजकुराची मर्यादा, बरीचशी खर्च झाली. शेवटी त्याने फंक्शन काढले आणि ते वापरणाऱ्या चार जागा दुरुस्त केल्या. पाचवी जागा मासिक अहवालात होती. तिथे ते फंक्शन वेगळ्या टोपणनावाने आयात केलेले होते, त्यामुळे तिचा धागा त्याच्या हातून सुटला आणि महिनाअखेरीचा अहवाल चालवताना पडला.

आपण स्वतः हे काम असे करत नाही. आपण फंक्शनच्या नावावर कर्सर ठेवतो, एडिटरला त्याचे सगळे रेफरन्स, म्हणजे वापराच्या जागा, विचारतो आणि मिळालेली यादी एकेक करून तपासतो. म्हणजे आपण अक्षरे शोधत नाही, तर ते विशिष्ट फंक्शन शोधतो. टोपणनावाने आयात केलेले असले तरी एडिटरला ते ओळखता येते. सहायकाच्या हाती मात्र बहुतेक वेळा केवळ अक्षरे शोधणारे साधन असते. मजकुरात नमुना शोधणारे ग्रेप हे साधन केन थॉम्प्सन यांनी 1973 मध्ये युनिक्ससाठी लिहिले. आजची रिपग्रेपसारखी साधने त्याहून कितीतरी वेगवान आहेत, पण मूळ प्रश्न तोच विचारतात. अशा चुका झाल्या की आपण मॉडेलच्या बुद्धीला दोष देतो, पण माझ्या मते जुन्या आणि मोठ्या कोडवर त्यांतील बऱ्याचशा चुका हाती योग्य साधन नसल्यामुळे होतात. ते साधन कसे द्यावे, हे पुढे क्रमाने सांगितले आहे. फाइलींची आणि आज्ञांची नावे मी येथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत घ्यावीत.

अर्थानुसार शोध म्हणजे नेमके काय

‘अर्थानुसार शोध’ या नावाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात, आणि जोडणी करण्यापूर्वी त्या वेगळ्या करून घेतल्या पाहिजेत. पहिल्या प्रकारात कोडचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याचे आकड्यांच्या मालिकेत, म्हणजे व्हेक्टरमध्ये, रूपांतर केले जाते आणि तुमच्या प्रश्नाच्या व्हेक्टरला जवळचे तुकडे परत दिले जातात. ‘ओल्या मालासाठी वजनातून कडता कुठे वजा होतो’ असा प्रश्न तुम्हाला विचारायचा असतो आणि फंक्शनचे नाव ठाऊक नसते, तेव्हा हा शोध उपयोगी पडतो. त्याचे उत्तर मात्र ‘जवळपास’ या स्वरूपाचे असते. दहा जागांपैकी आठ मिळाल्या तरी वाचणाऱ्याचे भागते, पण बदल करणाऱ्याचे भागत नाही, कारण उरलेल्या दोन जागा प्रत्यक्ष वापरात मोडतात. शिवाय ‘हमाली’, ‘तोलाई’, ‘पट्टी’ अशी रोमनमध्ये लिहिलेली मराठी नावे, आणि तीही प्रत्येक प्रोग्रामरने आपापल्या स्पेलिंगने लिहिलेली, समोर आली की या शोधाची पकड ढिली पडते, असा माझा अनुभव आहे.

दुसऱ्या प्रकारात कोडची रचनाच वाचली जाते. कुठले नाव कुठे घोषित झाले, ते क्लास आहे, मेथड आहे की व्हेरिएबल, आणि ते कुठे कुठे वापरले गेले, हे कंपायलरसारखे समजून घेतले जाते. घोषित झालेल्या अशा प्रत्येक नावाला सिंबल म्हणतात. हा शोध नावाच्या अर्थाकडे पाहतच नाही, त्यामुळे नाव मराठीत आहे की इंग्रजीत याने काही फरक पडत नाही. महाराष्ट्रात लिहिल्या गेलेल्या जुन्या कोडसाठी ही फार सोयीची बाब आहे, आणि या लेखात मी याच प्रकाराबद्दल लिहीत आहे.

लँग्वेज सर्व्हर आणि मधला पूल

सिंबल ओळखण्याचे काम लँग्वेज सर्व्हर हा एडिटरच्या मागे चालणारा प्रोग्राम करतो. प्रत्येक एडिटरने प्रत्येक भाषेसाठी वेगळी जुळवणी लिहावी ही जुनी अडचण होती. ती सोडवण्यासाठी मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडएन्व्ही यांच्यासह 2016 मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला. पायथनसाठी पायराइट, गोसाठी गोप्लीज (gopls), रस्टसाठी रस्ट-ॲनालायझर, सी आणि सी प्लस प्लससाठी क्लँगडी, जावासाठी एक्लिप्सचा जेडीटी सर्व्हर, असे बहुतेक भाषांचे सर्व्हर आज विनामूल्य मिळतात. तुम्ही व्हीएस कोड हा एडिटर वापरत असाल तर यांपैकी एखादा तुमच्या संगणकावर आत्ताही चालू असण्याचा संभव आहे.

मग तोच सर्व्हर सहायकाला थेट का जोडू नये? कारण हा प्रोटोकॉल एडिटरसाठी बनलेला आहे. त्यातील प्रश्न ‘या फाइलीच्या 212 व्या ओळीतील 17 व्या स्थानावर जे आहे त्याचे रेफरन्स दे’ अशा स्वरूपाचा असतो. कर्सर कुठे आहे हे एडिटरला ठाऊक असते. भाषिक मॉडेल मात्र ओळी आणि अक्षरे मोजण्यात हमखास चुकते, आणि एका बदलानंतर खालच्या सगळ्या ओळींचे क्रमांक सरकले की त्याच्या हिशोबाला काहीच आधार उरत नाही. म्हणून मध्ये एक पूल लागतो, जो सहायकाकडून ‘पट्टी या क्लासमधील हमाली-रक्कम ही मेथड’ असे नाव घेतो, त्याची जागा स्वतः शोधतो, लँग्वेज सर्व्हरला हव्या त्या आकड्यांत प्रश्न विचारतो आणि उत्तर पुन्हा नावांच्या रूपात सहायकाला देतो. संपूर्ण जोडणीचे मर्म या एका रूपांतरात आहे.

हा पूल स्वतः लिहिण्याचा विचार असेल तर एक खाचखळगा आधीच सांगून ठेवतो, कारण तो विशेषतः आपल्याला आडवा येतो. यूटीएफ-16 आणि यूटीएफ-8 या अक्षरे आकड्यांत साठवण्याच्या दोन पद्धती आहेत. प्रोटोकॉलमधील स्थान मुळात यूटीएफ-16 च्या एककांत मोजले जाते, तर फाइल डिस्कवर साधारणपणे यूटीएफ-8 मध्ये साठवलेली असते. ‘हमाली’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, यूटीएफ-16 मध्ये तो पाच एककांचा भरतो आणि यूटीएफ-8 मध्ये पंधरा बाइटांचा. एखाद्या ओळीत आधी ‘हमाली’ हा देवनागरी शब्द आणि त्यापुढे फंक्शनचे नाव असेल, आणि तुमच्या पुलाने स्थान बाइटांत मोजले, तर तो दहा घरे पुढे जाऊन भलत्याच नावावर बोट ठेवील. इंग्रजी कोडवर घेतलेल्या चाचण्यांत ही चूक कधीच दिसत नाही.

बहुतेकांनी तयार पूल घ्यावा. सेरेना हा ओराइऑस एआय यांचा मुक्तस्रोत प्रकल्प नेमके हेच काम करतो. तो पायथनमध्ये लिहिलेला असून एमआयटी परवान्याखाली उपलब्ध आहे. सहायकाशी तो मॉडेल काँटेक्स्ट प्रोटोकॉलने, म्हणजे एमसीपीने, बोलतो. हा प्रोटोकॉल क्लॉड बनवणाऱ्या अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर 2024 मध्ये खुला केला, आणि त्यामुळे एकदा केलेली जोडणी क्लॉड कोड, कर्सर नावाचा एआय एडिटर किंवा एमसीपी समजणाऱ्या इतर कोणत्याही सहायकात वापरता येते. काही सहायकांत लँग्वेज सर्व्हरची सोय अंगचीच असते. तुमच्या सहायकात ती आहे का, हे आधी पाहून घ्यावे.

जोडणीपूर्वीची तयारी

येथे बहुतेक जण घाई करतात. लँग्वेज सर्व्हरला तुमचा प्रकल्प नीट समजत नसेल तर सहायकाला तो अर्धवट यादी देईल, आणि सहायक ती पूर्ण मानून कामाला लागेल. अर्धवट यादी ही यादीच नसण्यापेक्षा अधिक घातक असते. म्हणून पहिली पायरी एडिटरमध्येच करावी. जिच्या वापराच्या सगळ्या जागा तुम्हाला पाठ आहेत अशी एखादी मेथड निवडावी, तिचे रेफरन्स मागावेत आणि आकडा जुळतो का ते पाहावे.

आमच्याकडे तो जुळला नाही. अकरा जागा अपेक्षित होत्या आणि सहाच मिळाल्या. कारण साधे होते: प्रकल्पाची पॅकेजेस वेगळ्या व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंटमध्ये होती आणि पायराइटला तिचा पत्ता दिलेला नव्हता. त्यामुळे त्याला निम्म्या आयाती उलगडत नव्हत्या, आणि त्या न उलगडलेल्या फाइलींतील वापर यादीत येत नव्हते. पायराइटच्या कॉन्फिग फाइलीत एन्व्हायरन्मेंटचा मार्ग लिहिल्यावर अकराच्या अकरा जागा दिसल्या.

प्रत्येक भाषेची अशी एक नस असते. जावाचा सर्व्हर मेव्हन किंवा ग्रेडलची फाइल वाचून प्रकल्प उभारतो, त्यामुळे बिल्डच होत नसेल तर त्याच्याकडून फारशी अपेक्षा करू नये. सी आणि सी प्लस प्लसची गोष्ट पुण्यातील वाचकांसाठी थोडी विस्ताराने सांगायला हवी, कारण हिंजवडीपासून चाकणपर्यंत वाहनांच्या कंट्रोल युनिटांसाठी या भाषांत लिहिणारे पुष्कळ जण आहेत. प्रत्येक फाइल कोणत्या पर्यायांसह कंपाइल होते हे क्लँगडीला सांगणारी ‘कंपाइल कमांड्स’ नावाची जेसन फाइल लागते. सीमेकमध्ये ती एक पर्याय चालू करून मिळते. साध्या मेकफाइलवर चालणाऱ्या प्रकल्पात बेअर हे साधन बिल्ड चालू असताना आज्ञा टिपून ती तयार करते. तरीही एक मर्यादा राहतेच. ‘इफडेफ’ या अटीच्या आड ठेवलेला जो कोड त्या बिल्डमध्ये बंद असतो, तो क्लँगडीच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. एकाच कोडमधून चार गाड्यांचे चार प्रकार बांधले जात असतील, तर एका प्रकारासाठी मिळालेली रेफरन्सची यादी उरलेल्या तिघांबद्दल काहीही सांगत नाही. अशा प्रकल्पात प्रत्येक प्रकाराची जेसन फाइल वेगळी करून शोध तितक्या वेळा घ्यावा, आणि सहायकाच्या सूचनांतही हे स्पष्ट लिहावे.

तयारीचा शेवटचा भाग गिटचा, म्हणजे कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचा, आहे. सहायकाला संपादनाचे साधन देण्यापूर्वी चालू काम कमिट करून नवी शाखा घ्यावी, म्हणजे त्याने काय बदलले हे एका डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या कोडच्या फरकात, दिसते आणि हवे तर एका आज्ञेत मागे घेता येते.

प्रत्यक्ष जोडणी

पायथनच्या जगातील यूव्ही हे पॅकेज-साधन बसवले की त्याबरोबर येणाऱ्या यूव्हीएक्स आज्ञेने सेरेना वेगळे इन्स्टॉल न करताही चालवता येते. क्लॉड कोडमध्ये ‘एमसीपी ॲड’ या आज्ञेने सर्व्हरला एक नाव द्यायचे असते आणि तो सुरू करणारी पूर्ण आज्ञा पुढे लिहायची असते. संपूर्ण टीमला तीच जोडणी हवी असेल तर प्रकल्पाच्या मुळाशी ‘डॉट एमसीपी डॉट जेसन’ ही फाइल ठेवून ती गिटमध्ये घ्यावी. आज्ञेचे पर्याय आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून ते प्रकल्पाच्या रीडमी फाइलीतूनच उचलावेत. मात्र एक पर्याय विसरू नये: तुम्ही कोणत्या प्रकारच्या सहायकासाठी सर्व्हर चालवत आहात हे सेरेनाला सांगता येते, आणि ते सांगितल्यावर सहायकाकडे आधीच असलेली फाइल वाचण्याची किंवा शेल चालवण्याची साधने तो पुन्हा पुढे करत नाही.

यानंतर प्रकल्प सक्रिय करायचा असतो. पहिल्या वेळी प्रकल्पाच्या फोल्डरात ‘डॉट सेरेना’ नावाचे उपफोल्डर तयार होते. त्यात प्रकल्पाची कॉन्फिग फाइल असते आणि सहायकाने प्रकल्पाबद्दल लिहून ठेवलेल्या टिपणांची जागाही तिथेच असते. ती टिपणे एकदा स्वतः वाचावीत. आमच्या पहिल्या टिपणात ‘अडत शेतकऱ्याकडून वजा होते’ असे वाक्य होते, कारण सहायकाने ते त्याच जुन्या फंक्शनवरून ताडले होते. तसेच राहिले असते तर पुढच्या प्रत्येक सत्रात तो त्याच समजुतीवर उभा राहिला असता. कॉन्फिगमध्ये नोड मॉड्यूल्स, बिल्डचे फोल्डर आणि यंत्राने तयार केलेल्या फाइली वगळाव्यात. प्रकल्प मोठा असेल तर अनुक्रमणी आधीच करून ठेवण्याची सोय आहे. ती न केल्यास पहिला शोध इतका रेंगाळतो की सहायक कंटाळून पुन्हा ग्रेपकडे वळतो.

जोडणी झाली की सहायकाला लगेच काम देऊ नये. आधी तीन प्रश्न विचारावेत: अमुक फाइलीत कोणकोणते सिंबल आहेत, अमुक मेथड कुठे घोषित झाली आहे आणि तिचे रेफरन्स किती आहेत. तिसऱ्या उत्तराचा आकडा एडिटरमधील आकड्याशी जुळला पाहिजे. सहायकाने ही उत्तरे नव्या साधनाने मिळवली की सवयीने मजकूर शोधून, हेही त्याच्या साधनवापराच्या नोंदीत पाहावे.

कोणती साधने द्यावीत आणि सूचना काय लिहाव्यात

साधन जितके जास्त तितके बरे, हा समज चुकीचा आहे. प्रत्येक साधनाचे वर्णन सहायकाच्या संदर्भात जागा घेते, आणि एकाच कामाची तीन साधने दिसली की तो त्यांतील नको ते उचलतो. शोधासाठी मी चारच ठेवतो: फाइलीतील सिंबलांची रूपरेषा देणारे, नावाने सिंबल शोधणारे, त्याचे रेफरन्स देणारे आणि साधा मजकूर शोधणारे. यांतील पहिल्याचे मोल फार मोठे आहे. दोन हजार ओळींच्या फाइलीची रूपरेषा दीड-दोनशे ओळींत मावते; ती पाहून सहायक हव्या त्या मेथडचाच मजकूर मागवतो आणि बाकीची फाइल उघडतही नाही.

साधने दिली म्हणून तो ती वापरीलच असे नाही. क्लॉड कोडसाठी ‘क्लॉड डॉट एमडी’ आणि इतर अनेक सहायकांसाठी ‘एजंट्स डॉट एमडी’ या फाइलीत सूचना लिहाव्या लागतात. आमच्या सूचना थोडक्यात अशा आहेत: ‘फाइल पूर्ण वाचण्यापूर्वी तिची रूपरेषा मागवावी. फंक्शन, क्लास किंवा मेथड शोधताना सिंबल-साधन वापरावे. कोणत्याही मेथडचे नाव, पॅरामीटर किंवा परतावा बदलण्यापूर्वी तिचे सर्व रेफरन्स मिळवून त्यांची यादी दाखवावी. टेम्प्लेट, एसक्यूएल आणि कॉन्फिग फाइलींत तेच नाव मजकूर म्हणूनही शोधावे.’ सूचना मराठीत लिहिल्या तरी चालतात. देवनागरीला टोकन, म्हणजे मॉडेल मजकुराचे करते ते तुकडे, जास्त लागतात, एवढे लक्षात ठेवून त्या आटोपशीर ठेवाव्यात. यांतील शेवटचे वाक्य आम्हाला नंतर लिहावे लागले. त्याचे कारण पुढे येईल.

संपादन

शोधापेक्षा संपादनात धोका अधिक असतो. सहायक सहसा ‘हा जुना मजकूर काढून हा नवा घाल’ अशा पद्धतीने फाइल बदलतो. त्यासाठी जुना मजकूर अक्षरशः, अगदी मोकळ्या जागांसह, जुळावा लागतो आणि तो फाइलीत एकदाच यावा लागतो. आमच्या प्रणालीत हमाली, तोलाई आणि वाराई यांच्या मेथडींची अंगे जवळजवळ सारखीच आहेत, त्यामुळे हमालीत करायचा बदल एकदा तोलाईत जाऊन बसला होता. सिंबल-साधनाने बदल करताना जागा नावाने ठरते: ‘पट्टी क्लासमधील हमाली-रक्कम या मेथडचे अंग हे असावे.’ त्यात संदिग्धता उरत नाही. नवी मेथड घालायची असेल तर ‘अमुक सिंबलच्या नंतर घाल’ असे सांगता येते, आणि नाव बदलायचे असेल तर नामांतराचे काम लँग्वेज सर्व्हरच घोषणेपासून शेवटच्या वापरापर्यंत करतो.

दोन गोष्टींवर मात्र स्वतः करून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये. मेथडच्या डोक्यावरील डेकोरेटर आणि टिप्पणी ही सिंबलच्या व्याप्तीत धरली जाते की नाही, हे वेगवेगळ्या लँग्वेज सर्व्हरांत वेगळे असू शकते. हे तपासले नाही तर अंग बदलताना डेकोरेटर गळून पडतो किंवा दोनदा येतो. एका फालतू मेथडवर बदल करवून डिफ पाहिला की पाच मिनिटांत उलगडा होतो. दुसरी गोष्ट सर्व्हरच्या स्मृतीची. सहायक काम करत असताना तुम्ही टर्मिनलमधून गिटची शाखा बदललीत, तर सर्व्हरच्या मनातील चित्र आणि डिस्कवरील फाइल यांत तफावत पडू शकते. शाखा बदलली की सर्व्हर पुन्हा सुरू करावा, हा नियम आम्ही पाळतो.

आता त्या शेवटच्या सूचनेचे कारण. साधने नीट बसल्यावर मी हमालीच्या मेथडचे नाव बदलायला सांगितले. पायथनमधील सर्व जागा अचूक बदलल्या, चाचण्या उत्तीर्ण झाल्या आणि बदल मी दुपारीच प्रत्यक्ष प्रणालीवर चढवला. दुसऱ्या दिवशी पहाटे यार्डातून फोन आला की पट्टीवर हमालीचा रकाना कोरा छापला जात आहे. पट्टीचा छापील नमुना जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कच्या टेम्प्लेटमध्ये होता आणि तिथे जुनेच नाव होते. लँग्वेज सर्व्हर टेम्प्लेट वाचत नाही. आणि जँगो, टेम्प्लेटमधील नाव सापडले नाही तर चूक न दाखवता, मूळ मांडणीप्रमाणे, तिथे रिकामा मजकूर ठेवतो. एकूण रक्कम बरोबर होती, पण हमाली किती कापली हे शेतकऱ्याला दिसत नव्हते, आणि पट्टीवरचा आकडा हीच त्याच्या हाती असलेली एकमेव खातरजमा असते. त्या सकाळच्या सर्व पट्ट्या पुन्हा छापून द्याव्या लागल्या. चूक साधनाची नव्हती. त्याला जे दिसत नाही ते मी त्याच्याकडून गृहीत धरले होते.

त्या दिवसापासून मी कामाची विभागणी ठरवून टाकली आहे. भाषेच्या व्याकरणात येणारे सगळे सिंबल-साधनाने करायचे. आणि टेम्प्लेट, एसक्यूएलचे मजकूर, जेसनमधील चाव्या, नाव जोडून मेथड बोलावणारा कोड, हे सगळे साध्या मजकूर-शोधाने धुंडाळायचे. म्हणून मजकूर शोधणारे साधन काढून टाकू नये. नामांतरानंतर जुने नाव संपूर्ण फोल्डरात शोधावे आणि एकही ओळ उरली असेल तर तिचे कारण सहायकाकडून लेखी मागावे. आमच्या चाचणीच्या सर्व्हरवर टेम्प्लेटमधील न सापडलेल्या नावाच्या जागी आम्ही आता ठळक मजकूर छापतो. जँगोत त्यासाठी एकच सेटिंग आहे.

सुरक्षितता आणि परवानगी

लँग्वेज सर्व्हर तुमच्या संगणकावरच चालतो आणि तो कोड कुठे पाठवत नाही. पण सहायकाने वाचलेला प्रत्येक तुकडा मॉडेलकडे जातो. ग्राहकाशी झालेल्या करारात त्याला मनाई असेल तर या साधनांनी ती मनाई उठत नाही. नव्या प्रकल्पावर पहिला आठवडा सेरेना केवळ-वाचन पद्धतीत चालवावा, म्हणजे संपादनाची साधने बंद राहतात. एमसीपी सर्व्हर हा तुमच्या नावाने आणि तुमच्या परवानगीने चालणारा प्रोग्राम असतो, म्हणून कुठल्याही अनोळखी ठिकाणची आज्ञा चिकटवू नये आणि जमल्यास आवृत्ती पक्की करून ठेवावी.

तुमच्या प्रकल्पाला याची गरज आहे का

दोन-तीन हजार ओळींचा, नुकताच सुरू केलेला प्रकल्प असेल तर गरज नाही. तिथे सहायक सगळा कोड वाचू शकतो आणि ग्रेप पुरेसे ठरते. मोठ्या कोडबाबत मात्र इतरांच्या आकड्यांवर विसंबू नये, कारण भाषा, कोडचे वय आणि नावांची पद्धत यांवर बराच फरक पडतो. आधीच पूर्ण झालेला एखादा बदल निवडावा, ज्याची योग्य उत्तरे गिटच्या इतिहासात आहेत. त्याच्या आधीच्या कमिटवर जाऊन तेच काम सहायकाला दोनदा द्यावे, एकदा साधनांशिवाय आणि एकदा साधनांसह, दोन्ही वेळा नव्या सत्रात. मग किती टोकन लागले, किती फाइली पूर्ण वाचल्या गेल्या आणि किती जागा सुटल्या, या तीन गोष्टी कागदावर मांडाव्यात.

मी हा प्रयोग अडतीच्या त्याच फंक्शनवर केला. साधनांसह सहायकाने एकही फाइल पूर्ण उघडली नाही, रेफरन्सच्या यादीत मासिक अहवालातील टोपणनावाची जागा दाखवली, आणि टेम्प्लेटमध्ये मजकूर शोधल्यावर आणखी एक जागा पुढे आणली: जुन्या पट्टीच्या नमुन्यात ‘अडत’ असा रकाना अजून होता आणि 2016 पासून त्यात शून्य छापले जात होते. तो रकाना काढावा का, हे मी अडत्यांना विचारले आहे. त्यांचे उत्तर येईपर्यंत तो बदल शाखेवरच आहे.